कानाडोळा

कानसेन हे नाव त्याला रेकॉर्डच्या कारखान्यात पडलं. सोळाव्या वर्षी तो तिथे चिकटला. काम सोपं होतं. यंत्रातून निघालेल्या दर पन्नास तबकड्यांमागे एक उचलायची, वाजवून बघायची, खरखर असली तर बाजूला टाकायची. बाकीचे कामगार तबकडी शेवटपर्यंत वाजवत बसायचे. हा सुई टेकवायचा, दोन श्वास ऐकायचा आणि म्हणायचा, "साचा घासलाय." साचा उघडला की घासलेलाच निघायचा. तानसेन नाही तर नाही, निदान कानसेन तरी आहे, असं मुकादम गमतीने म्हणाला आणि ते जन्मभर चिकटलं.

कान असा तिखट का झाला ते त्याचं त्याला माहीत होतं. बाप गोदामात ओझी उचलायचा. संध्याकाळी जिन्यावर त्याची पावलं वाजली की पोरगा श्वास रोखून ऐकायचा. पाय ओढत आला तर तो दमलेला असे, जेवून झोपून जाई. टाचा आपटत आला तर पट्टा निघायचा. "आज टाचा," एवढंच तो थोरल्या भावाला सांगायचा. दादा तीन वर्षांनी मोठा. तो धाकट्याला पलंगाखाली ढकलायचा आणि स्वतः पुढे उभा राहायचा. पलंगाखालून दिसायचे फक्त पाय. बाकीचं सगळं ऐकू यायचं.

दादा सतरा वर्षांचा झाला तेव्हा एकदा त्याने बापाच्या हातातला पट्टा हिसकावला आणि बापालाच बडवला. बाप खाली पडला तरी थांबला नाही. आई मधे पडली तेव्हा तिच्याही हातावर दोन बसले. बाप भिंत धरत जिना उतरला तो पुन्हा घरी आला नाही. त्या दिवसापासून घरातला कर्ता म्हणजे दादा, आणि कोणाची त्याबद्दल तक्रार नव्हती. कानसेनची तर नव्हतीच. दादाचे पुढचे दोन दात त्याच्या वाटचा मार खाताना गेले होते.

दादा पुढे रेकॉर्ड पोचवणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर झाला. दुकानं फिरता फिरता त्याला धंदा कळला. पंचविशीत त्याने बंद पडलेल्या सुतारखान्यावरचा मजला घेतला, दोन खोल्यांच्या मधे दुहेरी काच बसवली आणि धाकट्याला कारखान्यातून उचलून काचेच्या अलीकडे बसवलं.

"कान तुझा, हात माझा," तो म्हणाला.

त्याप्रमाणे वीस वर्षं चाललं. कोणत्या गळ्याला कोणतं गाणं, पियानोच्या मागे माइक किती हात लांब, कडवं कुठे कापायचं, हे सगळं कानसेन बघायचा. तो कधी कोणाच्या अंगावर गेला नाही. आवाजही चढवायचा नाही. बटण दाबून शांतपणे म्हणायचा, "पुन्हा." चाळीस वेळा म्हणायचा. गाणारे रडकुंडीला यायचे, पण तबकडी निघाली की त्याचे पाय धरायचे बाकी ठेवायचे.

दादाचा हात मात्र वेगळ्या कामाला लागला होता. दुसऱ्या कंपनीचा माल समोर मांडणाऱ्या दुकानाची काच फुटायची. रेडिओवरचा एक अधिकारी त्यांची गाणी लावत नव्हता. त्याला राहत्या घराच्या जिन्यात कोणीतरी गाठलं आणि त्याचा गुडघा लोखंडी कांबीने फोडला. एक ड्रमवाला तीनदा पिऊन आला, तर दादाने त्याची बोटं पियानोच्या काठावर ठेवायला लावली आणि झाकण आपटलं. कानसेन तेव्हा काचेच्या अलीकडे टेप जोडत होता. काच दुहेरी होती. ड्रमवाल्याचं तोंड उघडलेलं दिसलं, इतकंच. तो पुन्हा खाली बघून टेप जोडू लागला. दुसऱ्या दिवशी नवा ड्रमवाला आला, आणि तो बरा वाजवायचा.

आई एकदा म्हणाली, "लोक काय काय बोलतात रे दादाबद्दल."

"लोकांना काय, बोलायला तोंड आहे," कानसेन म्हणाला. त्याच्या कानावर सगळं यायचं. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

बारकी त्याला इस्पितळात सापडली. आई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून तिला तिथे ठेवलं होतं. खाली धुलाईघर होतं. तिथली यंत्रं सबंध दिवस घरघरायची. त्या घरघरीच्या वर एका बाईचा आवाज चढला, तेव्हा कानसेन आईच्या तोंडाशी धरलेला पेला तसाच ठेवून जिने उतरत गेला. तिशीची, काडीसारखी बाई वाफेच्या इस्त्रीवर चादरी ओढत गात होती. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. सगळे तिला बारकी म्हणायचे.

"इतक्या जोरात का गातेस?" त्याने विचारलं.

"हळू गायलं तर मलाच ऐकू येत नाही," ती म्हणाली.

तीन वर्षांत त्याने तिच्या पाच तबकड्या काढल्या. पाचही चालल्या. आयुष्यात त्याने केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच होतं, यात कोणाचं दुमत नव्हतं. कराराची मुदत संपत आली. पाचव्या तबकडीतलं शेवटचं गाणं राहिलं होतं. ते करायला ती एका मंगळवारी सकाळी अकराला आली आणि कोट काढायच्या आधीच म्हणाली, "साहेब, हे झालं की मी थांबते. पुढच्या करारावर सही करणार नाही."

"दुसऱ्या कंपनीने बोलावलंय?"

"बोलावलंय. पण त्याच्यासाठी नाही." तिने दाराकडे बघितलं. "तुमच्याकडे कोणी नुसतं दार जोरात लावलं ना, तर सगळे वादक मान आत घेतात. मी आधी हसायचे. आता माझीही मान आत जाते. तशी मान घेऊन मला गाता येत नाही."

कानसेनने बोलायला हवं होतं ते असं, की बाई, आत्ताच्या आत्ता मागच्या जिन्याने घरी जा. त्याऐवजी तो म्हणाला, "माइकपाशी उभी राहा. पातळी बघून घेऊ."

वादक चहाला खाली गेले होते. बारकी आत उभी राहिली. त्याने कानांवर हेडफोन चढवले, टेप सुरू केली. तिने दोन ओळी गायल्या. तिसरीला पलीकडचं दार उघडून दादा आत आला. त्याच्या हातात नवा करार होता. त्याला कोणी सांगितलं ते कळलं नाही. अशा गोष्टी दादाला कळायच्याच.

"सही कर," दादा म्हणाला.

"साहेबांना सांगितलंय मी."

"साहेब गाणी बघतो. मला सांग."

"नाही करणार."

दादाने तिच्या मुस्काटात मारली.

कानसेनच्या समोर आवाज मोजायचा काटा होता. तो उसळून लाल पट्टीत गेला. कानसेनचा हात आपसूक पुढे गेला आणि त्याने पातळी दोन घरं खाली ओढली. काटा पट्टीच्या अलीकडे आला.

मग तो बसून राहिला.

त्याने हाणामारी जन्मभर ऐकली होती, पण पलंगाखालून किंवा काचेआडून. इतक्या जवळून, इतक्या चांगल्या माइकमधून कधी ऐकली नव्हती. दादाच्या नाकातला श्वास ऐकू येत होता. मुठीत कागद चुरगळला. बारकी दाराकडे धावली तेव्हा तिच्या चपलेचा पट्टा तुटला. दादाने तिला केसांनी धरून मागे आणलं, पोटात गुडघा घातला, आणि तिच्या तोंडून निघालेली हवा जशी पिशवी फुटावी तशी वाजली. "सही कर." दरवेळी तेवढेच दोन शब्द, तेही शांतपणे. तिने त्याचं मनगट चावलं. त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. भिंतीला आवाज शोषणारं जाड कापड होतं, म्हणून तो आवाज मऊ आला. दुसऱ्यांदा आपटलं ते दाराच्या चौकटीवर. ती एकदा काचेकडे वळली आणि म्हणाली, "साहेब." ओरडली नाही. कोणी समोर बसलेल्या माणसाला हाक मारावी तशी म्हणाली.

त्याचे पाय हलले नाहीत.

मग दादाने मूठ वळून खालून मारली आणि तिचा जबडा मोडला. तो आवाज कोरडा आणि बारीक होता. कारखान्यात फुटकी तबकडी गुडघ्यावर मोडताना व्हायचा तसा. कानसेनने हेडफोन काढले आणि तो आत गेला.

दाराशी माइकची लोखंडी घोडी होती. ती त्याने दोन्ही हातांनी उचलून पाठमोऱ्या दादाच्या खांद्यावर घातली. दादा वळला. धाकटा भाऊ बघून तो क्षणभर चकित झाला.

"वेडा झालास का?"

कानसेनने पुन्हा घोडी उगारली. दादाने ती हवेत धरली, हिसकली आणि त्याच्या बरगड्यांत खुपसली. मग शर्टाची कॉलर पकडून त्याला ओढत पियानोपाशी नेलं आणि त्याचं डोकं डाव्या बाजूने लोखंडी कोपऱ्यावर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा कानात काहीतरी फाटलं आणि त्या बाजूचं जग विझलं. उरलेल्या कानाला दादाचे शब्द ऐकू येत होते. "तुझ्यासाठी दात पाडून घेतले मी. तुझ्यासाठी."

कानसेनच्या शर्टाच्या खिशात टेप कापायचं पातं असायचं. ते त्याच्या हातात कधी आलं ते त्याला कळलं नाही. त्याने ते वर फिरवलं. दादाची भुवई चिरली, पापणी चिरली आणि पातं आतपर्यंत गेलं. दादाने चेहरा धरला, गुडघ्यांवर बसला आणि लहान मुलासारखा पुढेमागे झुलू लागला. बोटांमधून आलेलं रक्त करारावर पडलं.

वादक चहा घेऊन वर आले तेव्हा तिघंही जमिनीवर होते. फिडलवाल्याने पोलिसांना आणि इस्पितळाला फोन केला. गडबडीत कोणाचं लक्ष नव्हतं. कानसेन भिंत धरत अलीकडच्या खोलीत गेला. रीळ संपून टेपचं शेपूट फिरत होतं. त्याने ते रीळ काढून शर्टाच्या आत घातलं.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की डावा कान गेला. दुसऱ्या मजल्यावर दादाचा डावा डोळा काढला. दादाने पोलिसांना जबाब दिला की त्या बाईने आणि भावाने संगनमत करून माझ्यावर हल्ला केला, मी स्वतःला वाचवत होतो. पाहिलेलं कोणीच नव्हतं. वादकांनी फक्त रक्त पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादाची दोन माणसं भेटीच्या वेळेत फळं घेऊन आली. एकाने पडदा ओढला. दुसरा खाटेवर बसला आणि अंगठा कानसेनच्या कानावरच्या पट्टीवर ठेवून हळूहळू दाबू लागला.

"टेप कुठाय?"

कानसेनने उशी दातांत धरली. पट्टी लाल झाली, मग उशी. तरी तो बोलला नाही. रीळ त्याच्याच पाठीखाली गादीच्या खोळीत होतं. परिचारिका आली तेव्हा ती माणसं फळं ठेवून निघून गेली.

मग आई आली, काठी टेकत. आधी वरच्या मजल्यावर जाऊन आली होती. खाटेच्या कडेला बसली.

"त्याचा डोळा गेला, तुझा कान गेला," ती म्हणाली. "आता ते काय असेल ते जाळून टाक. माझ्यासाठी."

"आई, त्याने तिला मारून टाकलं असतं."

"मला माहीत आहे तो काय आहे. मीच वाढवलाय त्याला. तुझ्या बापाला त्याने घालवला तेव्हा मी त्याला पोटाशी धरलं होतं." ती उठली. "तूही तेव्हा टाळ्या पिटल्या होत्यास."

त्याने टेप जाळली नाही. पण पोलिसांनाही दिली नाही. त्या टेपमध्ये काय आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

तीन आठवड्यांनी तो घरी आला आणि त्याच दुपारी बारकी दारात उभी राहिली. जबडा तारांनी आवळलेला. बोलणं दातांच्या फटीतून येत होतं. इस्पितळातल्या धुलाईघरातल्या बायकांना गादीची खोळ बदलताना काय सापडलं होतं ते तिने सांगितलं, आणि त्यांनी ते कोणाला न बोलता परत जागेवर ठेवलं होतं हेही.

"लाव," ती म्हणाली. साहेब नाही, तुम्ही नाही.

त्याने टेप लावली. ती खुर्चीवर ताठ बसून सगळं ऐकत राहिली. स्वतःच्या दोन ओळी, दार, मुस्काटातली, चपलेचा पट्टा, "साहेब", जबडा. मग लोखंडी घोडीचा आवाज आला, तेव्हा तिने हात वर केला. त्याने टेप थांबवली.

"पहिल्या मारापासून तू येईपर्यंत किती वेळ गेला?"

"चार मिनिटं अकरा सेकंद." त्याने ते घड्याळ न बघता सांगितलं.

"तेवढा वेळ तू काय करत होतास?"

खोटं बोलता आलं असतं. दार अडकलं होतं, हेडफोन नव्हते, मी खाली होतो. त्याने खरं सांगितलं. "पहिली मारली तेव्हा काटा लाल पट्टीत गेला. मी आवाज कमी केला. टेप खराब होऊ नये म्हणून. मग बसून राहिलो."

टेबलावर पाण्याची स्टीलची किटली होती. बारकीने ती उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. ओठ फाटला, एक दात हलला. तिने पुन्हा मारली. तो हात वर न करता बसून राहिला. तिसऱ्यांदा उचललेली किटली तिने खाली ठेवली. तारांमधून लाळ आणि रक्त आलं होतं, ते तिने पदराने टिपलं.

"हे कोर्टात सांग," ती म्हणाली. "सगळं. काट्याचंसुद्धा."

खटला आठ महिन्यांनी उभा राहिला. कोर्टात टेप वाजली तेव्हा मागच्या बाकावरची एक बाई उठून बाहेर गेली. दादा एका डोळ्याने समोर बघत बसला होता. त्याचा वकील हुशार होता. त्याने कानसेनला विचारलं, "हे सगळं ऐकू येत असताना तुम्ही चार मिनिटं बसून होतात. म्हणजे तुम्हाला ते मारहाण वाटलं नसणार. बरोबर?"

"मला ते मारहाणच वाटलं," कानसेन म्हणाला. "पहिला फटका आणि दुसरा फटका नीट ऐका. दुसरा बारीक वाटतो. तो बारीक नव्हता. मी मधे पातळी खाली ओढली. आधी ड्रमवाल्याची बोटं मोडली तेव्हाही मी तिथेच बसलो होतो. रेडिओवाल्याचा गुडघा कोणी फोडला तेही मला माहीत होतं. मला नेहमीच सगळं ऐकू यायचं."

न्यायाधीशांनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. दादाला सात वर्षं झाली. नेताना तो कानसेनच्या जवळून गेला आणि काही बोलला, पण डाव्या बाजूने गेला, म्हणून ते कानसेनला ऐकू आलं नाही. त्याने कोणाला विचारलंही नाही.

काट्याची गोष्ट वर्तमानपत्रात छापून आली आणि त्यानंतर एकही गायक त्याच्याकडे गायला तयार झाला नाही. त्यांचं चुकलं असं त्याला वाटलं नाही. सुतारखान्यावरच्या खोल्या रिकाम्या झाल्या, पियानो लिलावात गेला. बारकीचा जबडा किंचित तिरका जुळला. वरचे सूर गेले. दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीने तिची एक तबकडी काढली. ती फारशी खपली नाही. कानसेनने ती घेतली, उजवा कान स्पीकरला लावून ऐकली. तिसऱ्या गाण्यात श्वास चुकीच्या जागी घेतला होता. तिथे तो असता तर "पुन्हा" म्हणाला असता. तो नव्हता, आणि ती न थांबता पुढे गात गेली होती.

नोकरीसाठी तो शेवटी रेडिओवर गेला. लंगडणारा अधिकारी आता तिथला वरिष्ठ झाला होता. त्याने कानसेनला टेबलासमोर तासभर उभं ठेवलं आणि आपली कागदपत्रं बघत राहिला. मग म्हणाला, "तळघरात रेकॉर्ड पुसायला माणूस हवाय. माझ्या समोर यायचं नाही." कानसेन उद्यापासून येतो म्हणाला.

चांगल्या वागणुकीचं एक वर्ष माफ होऊन दादा सहा वर्षांनी सुटला. रविवारी दुपारी दार वाजलं. आईने उघडलं. दादाचे केस पांढरे झाले होते, डाव्या पापणीला टाके घालून डोळा मिटवलेला. त्याने आईला नमस्कार केला, आत आला आणि जेवायला बसलेल्या कानसेनला उठवून उभं केलं. मग सरळ नाकावर ठोसा मारला. नाक मोडलं. कानसेन खुर्चीसकट मागे पडला.

आई ताट वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," दादा म्हणाला.

"मग हात धुऊन बस."

दादा बसला. आईने ओलं फडकं कानसेनला दिलं. तो ते नाकाला लावून समोर बसला.

"ती बाई?" दादाने विचारलं.

"गाते."

"पूर्वीसारखी?"

"नाही."

दादाने दोन घास खाल्ले. "सध्या राहायला जागा नाही मला. थोडे दिवस इथे राहू का?"

आईने कानसेनकडे बघितलं. घर त्याच्या नावावर होतं. फडकं लाल झालं होतं, ते त्याने दुमडून दुसऱ्या बाजूने लावलं.

"जेवायला ये," तो म्हणाला. "रोज ये. राहायला नको."

"भितोस मला?"

"हो."

दादाने त्याच्याकडे एका डोळ्याने बराच वेळ बघितलं. मग मान हलवली आणि जेवण संपवलं. जाताना त्याने आईच्या हातात ताट दिलं, स्वतःची पिशवी उचलली आणि निघाला.

सोमवारी तळघरात बरोबरच्या कारकुनाने सुजलेलं तोंड बघून विचारलं, "काय हो, पडलात की काय?"

"नाही," कानसेन म्हणाला आणि पुढची तबकडी पुसायला घेतली. "भावाने मारलं."